एकस्फटिक टर्बाइन पात्यांची एक्स-रे दिशामापणी: पास-नापास यंत्राने ठरवावं का?

धातुवेडा
जेट इंजिनातली निकेल मिश्रधातूची एकस्फटिक पाती (सगळं पातं एकाच सलग स्फटिकाचं) ओतून झाली की लाउए पद्धतीने स्फटिकाची दिशा तपासतात. टंगस्टन नळीचा पांढरा (अनेक तरंगलांबींचा) एक्स-रे झोत पात्यावर सोडायचा आणि परत फिरलेल्या ठिपक्यांच्या नक्षीवरून कोन काढायचा. [००१] दिशा, म्हणजे स्फटिकाच्या घनाच्या कडेची दिशा, पात्याच्या उभ्या अक्षाजवळ हवी, कारण त्या दिशेत लवचिकता गुणांक साधारण १२५-१३० गिगापास्कल असतो. [१११] दिशेत, म्हणजे घनाच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाच्या दिशेत, तो ३०० च्या वर जातो. गुणांक कमी असला की इंजिन तापता-निवताना पात्यात कमी ताण येतो आणि पातं जास्त फेऱ्या काढतं. ड्रॉइंगवर बहुधा १० ते १५ अंशांची मर्यादा असते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: पातं उचलण्यापासून पास-नापासच्या शिक्क्यापर्यंत सगळं यंत्राकडे द्यावं. फिल्म आणि ठिपक्यांवरून कोन वाचायचा ग्रेनिंगरचा तक्ता (१९३५ चा, ३ सेंमी अंतरासाठी आखलेला) घेऊन तीन तपासनीस बसवले तर एकाच पात्याचे तीन आकडे येतात. मर्यादेजवळच्या पात्याचं नशीब त्या दिवशी कोण बसलंय यावर ठरू नये.

भट्टीकाठ
कोन यंत्राने काढावा, मान्य. शिक्का त्याने मारू नये. झोत असतो एक मिलिमीटरच्या आसपास. पात्याच्या मधोमध तो पडला, ८ अंश आले, यंत्र म्हणालं पास. पण उपरा कण (वेगळ्या दिशेचा दुसरा स्फटिक) उगवतो प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे पात्याच्या मुळाजवळच्या आडव्या पट्टीच्या, कोपऱ्यात. भट्टीतून साचा खाली उतरताना प्लॅटफॉर्मची बाहेर आलेली कड मधल्या भागाआधी निवते. डेंड्राइट (स्फटिकाच्या वाढणाऱ्या फांद्या) तिथे पोचण्याआधीच द्रव गोठणबिंदूच्या बराच खाली गेलेला असतो आणि तिथे नवा कण जन्मतो. मधल्या ठिपक्याला त्याची गंधवार्ताही नसते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने एच केलेलं (पृष्ठभाग किंचित खाऊन काढलेलं) पातं दिव्याखाली फिरवलं की तो कण वेगळा चमकतो. ते डोळ्याचंच काम आहे.

धातुवेडा
मग एक बिंदू कशाला घ्यायचा? प्लॅटफॉर्मचे दोन कोपरे, मूळ, मध्य आणि टोक असे पाच घ्या. पिक्सेल डिटेक्टरवर एका फोटोला काही सेकंद पुरतात. फिल्मला दहा-वीस मिनिटं लागायची, म्हणून एकाच बिंदूवर भागवायची सवय पडली. पाच बिंदूंची दिशा एकमेकींशी ताडली की बिंदूंमधला फरक अंशांत मिळतो. एच केलेल्या पृष्ठभागावर कमी कोनाची कणसीमा (दिशेत थोडाच फरक असलेल्या दोन भागांमधली रेषा) फार फिकी दिसते, दिवा कुठून येतोय त्यावर दिसते किंवा दडते. तिथे डोळा कमी पडतो.

भट्टीकाठ
पाच बिंदूंच्या मधली जागा तरीही राहतेच. एचिंगची पाहणी काढू नका, एवढंच माझं मागणं आहे.

शून्यअंश
दोघेही फिक्श्चरवर (पातं धरून ठेवणाऱ्या पकडीवर) बोलत नाही आहात, आणि बहुतेक चुकीचे आकडे तिथूनच येतात.

लाउएमध्ये पृष्ठभाग तिरका असला तरी ठिपके हलत नाहीत. झोताच्या संदर्भात स्फटिक कसा आहे तेवढंच मोजलं जातं. म्हणजे पात्याचा अक्ष झोताशी कसा बसवला, यावर सगळं अवलंबून. फिक्श्चरच्या खुंटीवर सिरॅमिक साच्याचा कण अडकला तर तेवढा कोन थेट निकालात जातो, आणि ठिपके मात्र अगदी सुरेख दिसतात.

दुसरं, अंतर. डिटेक्टर ते पातं ३० मिमी धरलंय. [००१] १५ अंश कललेला असेल तर त्याचा ठिपका केंद्रापासून ३० × टॅन ३० अंश, म्हणजे १७.३ मिमीवर पडतो. पात्याचा बाक असल्याने पृष्ठभाग १ मिमी मागे गेला तर खरा १४.८ असलेला कोन १५.२ दिसतो. चांगलं पातं भंगारात.

धातुवेडा
बरोबर, पण याचा उपाय यंत्रालाच जमतो. घनाकार स्फटिकात प्रतलांमधले कोन ठरलेले असतात. दहा-पंधरा ठिपके जुळले की अंतर हेही अज्ञात धरून त्याच गणितात सोडवता येतं. ते लेझरने मोजलेल्या अंतराशी जुळलं नाही तर निकाल अडवायचा. तक्त्यावर डोळे लावून बसलेला माणूस हे करणार कसं?

शून्यअंश
करा, पण पाळी सुरू होताना संदर्भ-स्फटिक लावाच. तो ० आणि १८० अंशांवर, झोताच्या अक्षाभोवती फिरवून, दोनदा मोजायचा. स्फटिकाचा स्वतःचा कल चिन्ह बदलतो, झोताची आणि फिक्श्चरची चूक बदलत नाही. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमची शून्याची चूक.

एक सापळा मात्र या चाचणीतूनही निसटतो. प्रतिमा डावी-उजवी उलटी वाचली गेली तरी निकेलची आरसा-सममिती असल्याने सॉफ्टवेअर ती बिनतक्रार जुळवतं. प्राथमिक कोनाचा ([००१] आणि पात्याच्या अक्षातल्या कोनाचा) आकडा तोच येतो, पण कल कोणत्या बाजूला आहे ते उलटं होतं. दुय्यम दिशा (अक्षाभोवती स्फटिक कसा फिरलाय ती) नोंदवत असाल तर सगळी नोंद चुकीची, आणि कुणाला कळतही नाही. त्यासाठी संदर्भ-स्फटिकाखाली ५ अंशांची पाचर एका ठरलेल्या बाजूने घालायची आणि पडद्यावर कल त्याच बाजूला येतो का ते पाहायचं. डिटेक्टर काढून परत बसवला की ही चाचणी पुन्हा.

भट्टीकाठ
माझा खरा आक्षेप न जुळलेल्या ठिपक्यांवर आहे. सॉफ्टवेअर ठळक ठिपके उचलतं, त्यांत एक स्फटिक बसवतं आणि उरलेले गोंगाट म्हणून टाकून देतं. साचा आकसताना धातूत ताण राहिला असेल तर सुमारे १३०० अंशांच्या उष्मोपचारात पृष्ठभागावर नवे कण वाढतात. त्यांचे ठिपके या टाकून दिलेल्यांतच असतात! माणूस फोटो बघतो आणि 'इथे दुसरी नक्षी आहे' म्हणतो. यंत्र १८ ठिपके जुळले म्हणून हिरवा दिवा लावतं.

झोत
हा मुद्दा मला पटला. म्हणून निकालात तीन आकडे हवेत: किती ठिपके जुळले, सरासरी चूक किती आणि न जुळलेले ठळक ठिपके किती. तिसरा आकडा वाढला की पातं माणसाच्या टेबलावर.

त्याआधी पार्श्वभूमी साफ करा. नळी ३५-४० किलोव्होल्टवर असताना मिश्रधातू स्वतःच चमकतो, म्हणजे स्वतःचे एक्स-रे सोडतो: क्रोमियम ५.४, कोबाल्ट ६.९, निकेल ७.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, शिवाय टँटलम-टंगस्टनच्या ८ ते १० मधल्या रेषा. डिटेक्टरचा उंबरठा (त्याखालची ऊर्जा तो मोजत नाही) १० च्या आसपास ठेवला की यातलं बहुतेक गळतं आणि फिके ठिपके वर येतात. आणि ग्रिट-ब्लास्ट केलेलं (कठीण कणांच्या माऱ्याने साफ केलेलं) पातं तसंच मोजू नका. वरचा चेंबलेला थर ठिपके पसरट करतो. आधी एचिंग, मग मोजणी.

नवखा_तपासनीस
आपल्याकडे एवढी संख्या आहे का? २०२१ मध्ये हैदराबादच्या डीएमआरएलने (संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा) एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) हेलिकॉप्टर इंजिनासाठी ६० एकस्फटिक पाती दिली होती. एवढ्यासाठी रोबो लावायचा?

शून्यअंश
रोबो नको. हाताने पातं लावा, कोन सॉफ्टवेअरने काढा, कच्ची प्रतिमा पात्याच्या क्रमांकासह जपून ठेवा. बंद पेटी, दार उघडताच झोत तोडणारा इंटरलॉक आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी मात्र छोट्या मांडणीलाही चुकत नाही.

धातुवेडा
मी थोडा मागे येतो. न जुळलेले ठिपके मर्यादेत असतील आणि कोन मर्यादेपासून अर्धा अंश तरी आत असेल तर यंत्राचा शिक्का. बाकी सगळं माणसाकडे. पण आधी १० पाती, ३ तपासनीस, प्रत्येकी ३ वेळा, अशा ९० मोजण्या करा, आणि दर वेळी पातं फिक्श्चरमधून काढून परत लावा. न काढता तीनदा बटण दाबलं तर फक्त डिटेक्टरची स्थिरता कळते.

भट्टीकाठ
त्या दहांत प्लॅटफॉर्मवर उपरा कण असलेली दोन पाती घाला. यंत्राने दोन्ही अडवली तर माझी हरकत संपली. एचिंगची पाहणी मात्र तेव्हाही राहील.