डिस्क गोल्फच्या टूर्नामेंटमध्ये खरंच मजा येते का?

प्रेषक: नाना (मॅथ्यूज)

नमस्कार मंडळी,

आमचे जावई आणि नातू रविवारी सकाळी रीडी क्रीक पार्कात डिस्क गोल्फ खेळायला जातात. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी चकती (डिस्क) कमीत कमी थ्रोंत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची; अशी एकेक बास्केट म्हणजे एकेक होल. अधूनमधून मीही जातो. पायांना व्यायाम होतो, झाडांची सावली असते आणि खिशाला तोशीस नाही. आता नातवाने टूर्नामेंटमध्ये नाव द्यायचं मनावर घेतलंय. वय चौदा. जावयांचं म्हणणं, शनिवार अख्खा जाणार, वर फी भरायची, आणि पोरगं हिरमुसून घरी येणार. इकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या आसपास राहणारं कुणी अशा स्पर्धा खेळत असेल तर कृपया लिहा. मजा येते का, की नुसता ताण?

आपला,
नाना

----------

प्रेषक: ताई (हंटर्सव्हिल)

नाना, नमस्कार.

मजा येते, आणि रविवारच्या फेरीत मिळते त्यापेक्षा निराळी येते. मी इथल्या छोट्या टूर्नामेंट नेमाने खेळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरची माणसं खेळतो तेव्हा बास्केटपासून हातभर अंतरावर डिस्क पडली की आपण "झालं, उचल" म्हणतो. टूर्नामेंटमध्ये ती टाकावीच लागते. बास्केटच्या ट्रेमध्ये किंवा साखळ्यांत राहिली तरच होल पूर्ण. दहा मीटरच्या आतून पट, म्हणजे बास्केटवरचा जवळचा थ्रो, मारताना तोल सांभाळून उभं राहावं लागतं, पुढे झोक गेला तर दंडाचा थ्रो. तुमची पाळी आली की तीस सेकंदांत टाकायचं. ऐकायला हे जाचक वाटेल, पण याच्यामुळेच एरवी ज्याकडे आपण बघतही नाही तो पाच मीटरचा पट मोठा होतो. उतारावर पाय रोवलेला, खाली ओढा, मागे तिघंजण गप्प उभे. डिस्क सुटते आणि साखळ्या खळ्ळकन वाजतात. त्या आवाजाने मला जे होतं ते मित्रांबरोबरच्या फेरीत कधी झालेलं नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. साधारण चार जणांचं एक कार्ड, म्हणजे एकत्र खेळणारा गट, असतो आणि हे चौघं बहुधा एकमेकांना अनोळखी. आपल्याकडचे बरेचसे कोर्स पाइनच्या दाट झाडीतले, तेव्हा एखादी डिस्क खोडावर आपटून पाचोळ्यात गडप होणारच. शोधायला तीन मिनिटं मिळतात. नाही सापडली तर दंड, आणि तो दंड बाकीच्या तिघांच्या पथ्यावर पडणारा. तरी तेच तिघं वाकून, काठीने पानं उलथून, पॉयझन आयव्ही चुकवत तुमची डिस्क शोधतात. मदत करावी असं नियमच सांगतो, पण त्यांची धडपड नियमापुरती नसते. मागच्या वसंतात एका निवृत्त ट्रकचालकाने माझी निळी पटर (पट मारायची डिस्क) चिखलातून काढून दिली. तेव्हा तो माझ्यापेक्षा एकाच थ्रोने मागे होता. या देशात इतकी वर्षं राहूनही ज्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग एरवी आला नसता अशी माणसं मला या कार्डांवर भेटली.

नातवाच्या बाबतीत सगळं काही डिव्हिजनवर ठरतं. पीडीजीए ही या खेळाची मुख्य संस्था, साखळ्यांच्या बास्केटचे जनक एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली. तिच्या स्पर्धांतल्या फेऱ्यांवरून खेळाडूला रेटिंग मिळतं. हजाराच्या वर म्हणजे फार तयारीचा खेळाडू. नॉव्हिस डिव्हिजन ८५०च्या खालच्यांसाठी, रिक्रिएशनल ९००च्या खालच्यांसाठी. त्यामुळे नवशिक्याची गाठ नवशिक्याशीच पडते. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची वेगळी ज्युनियर डिव्हिजन असते. त्यात नावं किती आली आहेत ते आधी बघा. एकटाच असला तर त्याला नॉव्हिसमध्ये घाला, कारण एकट्याने जिंकलेल्या बक्षिसात काही राम नाही.

ताई

----------

प्रेषक: सोनू (युनिव्हर्सिटी सिटी)

नमस्कार ताई, नमस्कार नाना.

ताई, माणसांबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. पण दुसरी बाजूही नानांना कळायला हवी. मी जुलैमध्ये एका टूर्नामेंटला गेलो होतो. एका दिवसात अठरा-अठरा होलच्या दोन फेऱ्या. इथला जुलै तुम्हाला माहीत आहे, सकाळी नऊलाच शर्ट अंगाला चिकटतो. एका टीवर, म्हणजे होलचा पहिला थ्रो टाकायच्या जागी, आमच्या पुढे दोन कार्डं खोळंबलेली. अर्धा तास नुसते उभे, डासांना हाकलत. अंग आखडलं की पुढचा थ्रो हमखास झाडात. आमच्यातला एकजण प्रत्येक वाईट थ्रोनंतर बॅग आपटत होता, त्याच्या शेजारी उभं राहणंही नको वाटायचं. फीमधून एक डिस्क आणि टी-शर्ट मिळाला. दोन्ही मला नको होते.

मला या खेळात सगळ्यात आवडतं ते डिस्कचं उडणं. आधी उजवीकडे झुकते, मग सरळ होते आणि शेवटी अलगद डावीकडे वळून खाली येते. स्कोअर लिहायला लागलो की लक्ष तिथून उठून आकड्यांवर जातं. संध्याकाळी किलबॉर्न पार्कात मित्रांबरोबर गप्पा मारत खेळलेली एक फेरी मला त्या अख्ख्या शनिवारापेक्षा प्रिय आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आधी खेळाची गोडी लागू दे, असं मला मनापासून वाटतं.

सोनू

----------

प्रेषक: ताई (हंटर्सव्हिल)

सोनू, खोळंब्याबद्दल तू लिहिलंस ते शंभर टक्के खरं. शॉटगन स्टार्टमध्ये सगळी कार्डं एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात, त्यामुळे एका अवघड होलवर डिस्क हरवायला लागल्या की मागचे सगळे अडकतात. कोर्स भरलेला असला तर यावर काही इलाज नाही. म्हणून मी जुलै-ऑगस्टमध्ये दोन फेऱ्यांच्या स्पर्धेत नावच देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खेळते. हवा कोरडी असते, पानं झडू लागलेली असल्यामुळे बास्केट लांबून दिसते. बॅग आपटणाऱ्याबद्दल सांगायचं तर असं वागणं नियमांतही बसत नाही. कार्डावरच्या कुणीही त्याला तिथल्या तिथे ताकीद देता येते, आणि द्यावी.

स्कोअरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. २०२१ची जागतिक स्पर्धा, युटातल्या ऑग्डेनला. शेवटच्या होलवर जेम्स कॉनराड एका थ्रोने मागे होता, आणि पुढे होता पॉल मॅकबेथ. हाच मॅकबेथ आपल्या शार्लटमध्ये २०१२ साली पहिल्यांदा जगज्जेता झाला. कॉनराडने सुमारे पंच्याहत्तर मीटरवरून टाकलेली डिस्क थेट साखळ्यांत गेली, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो जिंकला. त्याचा व्हिडिओ बघ. डिस्कचं ते उडणं तुला आवडतं तसंच आहे, पण सगळं मैदान ज्या आवाजात ओरडलं तो आवाज त्या एका थ्रोच्या फरकाने आणला. सरावात तीच डिस्क गेली असती तर चार मित्रांनी टाळ्या दिल्या असत्या.

नाना, तुम्ही थेट टूर्नामेंटला जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी लीग असते. थोडेसे डॉलर, एकच फेरी, नियम बहुतेक तेच. तिथे नातू रमला तर शरदातली एक फेरीची स्पर्धा बघू. त्याच्या सामानात दोन टॉवेल द्या, कारण ओल्या मातीने माखलेली डिस्क हातातून निसटते. आणि वेळेआधी पोचा. उशीर झाला तर हुकलेल्या प्रत्येक होलला पार (त्या होलसाठी ठरलेले थ्रो) अधिक चार असा स्कोअर लागतो.

आणखी एक. खेळाडूला कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, ठेवता येतो. तुम्हीच व्हा त्याचे कॅडी.

ताई

----------

प्रेषक: नाना (मॅथ्यूज)

ताई, सोनू, दोघांचे आभार. दोन्ही पत्रं नातवाला वाचून दाखवली. जावयांना सोनूचं पटलं, नातवाला ताईंचं. लीगला जायचं ठरलंय. कॅडीने बॅग उचलायची एवढं कळलं, पण कुठली डिस्क टाक हे सांगितलं तर चालतं का? ताई, जमल्यास फोन करा, रात्री नऊपर्यंत जागा असतो.

नाना

----------

प्रेषक: ताई (हंटर्सव्हिल)

चालतं, नाना. डिस्क सुचवा, वारा सांगा, पाणी द्या. फक्त कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला बसतो, तेवढं सांभाळा. उद्या फोन करते.