अनुभव धागा: शरणपूरहून मोंबासाला. मिशन ट्रिपला गेलेल्यांनो, पायऱ्यांवर बोललात ते इथे लिहा

नाशिकच्या शरणपूर भागातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघातली अकरा कॉलेजची मुलंमुली सोळा दिवस केनियात, मोंबासाला मिशन ट्रिपवर, म्हणजे चर्चतर्फे सेवेला जाऊन आली. परतल्यावर रविवारच्या उपासनेत प्रत्येकाने पाच मिनिटं साक्ष दिली. सगळ्यांची एकच: प्रभूने आम्हाला वापरलं, आमेन, मग चहा. खरं बोलणं नंतर चर्चच्या पायऱ्यांवर झालं, तेच इथे हवंय. नावं टाकू नका, स्वतःचंही नाही. सुरुवात मी करते.

धागा काढणारी, शरणपूर रोड

'मोंबासाच का?' हे मला कॉलेजात निदान दहा जणांनी विचारलं. उत्तर आपल्या घराखालच्या रस्त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नौदल अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वस्तीत येत. इथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहायवाचायला शिकली. 1866 साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत नाशिकची नऊ मुलं होती. 1873 मध्ये तो वारला तेव्हा त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना म्हणणारा जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेत शिकलेला. पुढे 1875 च्या सुमारास मोंबासासमोर फ्रेअर टाऊन वसलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं, आणि वसवणारे शरणपूरचेच पाळक विल्यम प्राइस. इथून गेलेले आफ्रिकन तिथे शिक्षक, कारागीर, पुढे पाळकही झाले.

हे सगळं मला जायच्या आधी दोन महिने माहीत नव्हतं. वीस वर्षं मी शरणपूर रोडने ये-जा करतेय, आणि शरणपूर म्हणजे माझ्यासाठी फक्त सिग्नल.

बाहेर गेलं की आपण 'नाशिक, निअर मुंबई' म्हणतो, तशी मी फ्रेअर टाऊनच्या चर्चमध्येही म्हणायला गेले. पुढच्या बाकावरच्या आजींनी मध्येच थांबवलं. 'नासिक? आमच्या आईच्या घरात हे नाव घ्यायचे.' मुंबई त्यांना नको होती. मी पुढे काय बोलायचं ठरवलं होतं ते विसरले.

गटाचा हिशेब ठेवणारा, नाशिकरोड

भावनेचं बाकीचे लिहितील, मी कामाचं लिहितो. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून क्वारंटाइनला पाठवतात. आमच्यातल्या एकाला एजंटने 'जायच्या आदल्या आठवड्यात घेतली तरी चालते' असं सांगितलं. नाही चालत. त्याचं तिकीट बदलावं लागलं आणि तो पाच दिवस उशिरा, एकटा आला. ती दंडाची रक्कम आम्ही मिसळीतून काढली. चार रविवार उपासनेनंतर चर्चच्या आवारात मिसळपाव विकला. तर्री कमी म्हणून तक्रार करणारे सगळे आपल्याच मंडळीतले, हेही नोंदवून ठेवतो.

रंगकाम गट

आम्हाला एका शाळेच्या दोन वर्गखोल्या रंगवायच्या होत्या. आम्ही पाच जण, त्यांतल्या एकानेही घरी कधी ब्रश धरलेला नाही. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दारात एक माणूस हाताची घडी घालून बघत उभा. तिकडे कारागिराला 'फुंदी' म्हणतात, हा तिथला रंगारी फुंदी. हसला, काही बोलला नाही. आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी शाळेत डोकावलो तर तो आमची भिंत खरवडून पुन्हा रंगवत होता.

मला राग आला, मग लाज वाटली. त्याच्या महिनाभराच्या मजुरीत आमचं एक तिकीटही आलं नसतं. त्याला पैसे देऊन आम्ही नुसती रांगोळी काढली असती तरी शाळेचं भलं झालं असतं. साक्षीत मी हे बोललो नाही, 'भिंती रंगवल्या' एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

ढोलकीवाली

विमानात ढोलकी नेता येते. सीटजवळ घेऊ देतील की नाही ते मात्र समोरच्या बाईच्या मूडवर!

तिकडे मोठ्यांना 'शिकामू' म्हणायचं, त्यावर ते 'मराहबा' म्हणतात. पाया पडण्यासारखंच, फक्त वाकायचं नाही. पहिल्या दिवशी मी एका लहान मुलाला शिकामू म्हटलं आणि अख्खा संडे स्कूल लोळला. बाकी तिकडची स्वाहिली भाषा निम्मी ओळखीची निघाली. गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा, आणि चहा-चपाती तर जशीच्या तशी. सकाळी नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, सोबत महामरी नावाचा गोडसर वडा. आईला सांगितलं तर म्हणाली, 'तूर नारळात? कोकणातली माणसं असतील.'

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन आम्ही ढोलकी-झांजेवर घेतलं. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण दुसऱ्या कडव्याला बायका उठून नाचायलाच लागल्या. आमच्या चर्चमध्ये मान हलली तरी मागून खोकतात.

पंचवटीत मित्र असलेला

माझ्या मित्राने निघताना विचारलं, 'तिकडे जाऊन बाटवणार का रे लोकांना?' चेष्टेत, पण पूर्ण चेष्टेत नाही. मी म्हटलं, ज्या चर्चमध्ये चाललोय ते आपल्या आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती आहेत. मोंबासाच्या जुन्या शहरात वस्ती बहुतेक मुसलमानांची. तिथे पत्रकं वाटायची नाहीत, असं तिथल्या पाळकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आम्ही तिथे फक्त हिंडलो, शहाळी प्यायलो. परत आल्यावर मित्राला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून त्याला केनियाची कॉफी दिली.

एका मुलीची आई

चिवडा दोन किलो दिला होता, दीड किलो परत आला. एवढंच लिहायचं होतं.

पुन्हा धागा काढणारी

काकू, तो आम्ही आजींकडे ठेवणार होतो, गडबडीत राहिला.

फ्रेअर टाऊनजवळ केंगेलेनी म्हणून चौक आहे. 'केंगेले' म्हणजे घंटा, आणि पुढे 'नी' लागलं की घंटेपाशी. ती घंटा अजून तिथे आहे. आजींनी मला तिच्याजवळ उभं करून नातवाकडून फोटो काढवला आणि म्हणाल्या, आता तू मला शरणपूरचा पाठव.

गेले तीन आठवडे मी फोन घेऊन फिरतेय. मेडिकल, क्लासेसचे बोर्ड, ज्यूस सेंटर, सिग्नल. यातलं काय पाठवू? कुणाच्या घरी जुन्या मिशनच्या आवाराचा एखादा फोटो असेल, कितीही धुरकट असो, तर सांगा. मी येऊन मोबाईलवर काढून घेईन.