मदत हवी आहे: वेन्ट्झ की फोल्स?

नमस्कार मंडळी. ईगल्सचं (फिलाडेल्फियाचा संघ) अमेरिकन फुटबॉल बघणारं कुणी आहे का इथे? इकडे फिलाडेल्फियात ऑफिसात डबा खाताना जुना वाद पुन्हा पेटलाय. २०१७ मध्ये ईगल्सचा मुख्य क्वार्टरबॅक (पास फेकणारा, हल्ल्याचा सूत्रधार) कार्सन वेन्ट्झने १३ सामन्यांत ३३ टचडाउन (गोलसारखे गुण देणारे) पास दिले, मग त्याचा गुडघा दुखावला. बदली क्वार्टरबॅक निक फोल्सने थेट सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून दिला, ४१-३३, तेही समोर टॉम ब्रेडीसारखा दिग्गज क्वार्टरबॅक असताना! वर चौथ्या डाउनला (म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) स्वतःच पास झेलून टचडाउन केला. त्या डावाचा पुतळा स्टेडियमबाहेर आहे. तरी २०१९ला फोल्सला सोडलं, वेन्ट्झला ठेवलं. मला काही पटत नाही, पण क्रिकेटवर वाढलेला मी, मुद्दे कमी पडतात. यात सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) भाग किती, वयाचा किती? कुणी नीट समजावेल का? शुक्रवारी परत गाठ आहे ऑफिसातल्या मंडळींशी.