थारमध्ये कायमस्वरूपी कंप्रेसर बसवताना हवेची टाकी घ्यावी का?

रानवाट (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे डिझेल थार आहे आणि तिचे टायर कंपनीकडून आलेल्या २५५/६५ आर १८ मापाचेच आहेत. या हिवाळ्यात जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी येथील वाळूच्या टेकड्यांवर आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाखला जाण्याचा विचार आहे. वाळूत उतरताना हवा १६ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) कमी करायची आणि डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा ३२ पर्यंत भरायची, हे दिवसातून एकदा तरी होणारच. सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा एक लहान पंप आहे. तो दुसऱ्या टायरनंतर इतका तापतो की हात लावता येत नाही. म्हणून गाडीतच पक्की बसवलेली व्यवस्था करावी असे ठरवले आहे.

एका गॅरेजवाल्याने दोन सिलिंडरचा मोठा कंप्रेसर आणि सुमारे दहा लिटरची टाकी सुचवली, तर दुसऱ्याच्या मते एक सिलिंडरचा कंप्रेसर आणि चार लिटरची टाकी पुरेशी आहे. दोघेही टाकीवर ठाम आहेत, मात्र ती नेमकी कशासाठी, हे दोघांनाही नीट सांगता आले नाही. गाडीत मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यांत्रिक व्यवस्था, म्हणजेच लॉकर) असल्यामुळे लॉकरसाठी हवेची गरज नाही. एका मित्राने कंप्रेसरऐवजी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरच ठेवावा असेही सुचवले आहे. टाकी घ्यावी का, कंप्रेसर बॉनेटखाली बसवावा की सीटखाली, आणि वायर किती जाडीची घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेलकट_हात (भोसरी)

रानवाट साहेब, टाकीचा निर्णय साध्या हिशेबाने होतो, तो एकदा करून पाहू.

आपल्या मापाच्या एका टायरच्या पोटात ढोबळमानाने ६५ लिटर जागा असते. दाब १६ वरून ३२ पीएसआयवर नेणे म्हणजे १६ पीएसआयची भर, आणि वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला तर त्यासाठी बाहेरची सुमारे ७० लिटर हवा टायरमध्ये कोंबावी लागते. चारही टायर मिळून हा आकडा २८० लिटरच्या आसपास जातो. आता दहा लिटरची टाकी १४५ पीएसआयपर्यंत भरलेली असेल आणि ती ३२ पर्यंत रिकामी होऊ दिली, तर तिच्यातून साधारण ७५ लिटर हवा मिळते, म्हणजे जेमतेम एक टायर. चार लिटरच्या टाकीतून ३० लिटर मिळतील, त्यात अर्धा टायरही होणार नाही. तेव्हा टाकी कितीही दिमाखदार दिसली तरी टायर भरण्याचे काम अखेर कंप्रेसरलाच करायचे असते, आणि रिकामी झालेली टाकी पुन्हा १४५ पर्यंत भरण्याचा भारही त्याच्यावरच पडतो. हवेच्या दाबावर चालणारा एअर लॉकर असता तर गोष्ट वेगळी होती, कारण लॉकरला थोडीशीच हवा, पण क्षणार्धात आणि ठरावीक दाबाने लागते. आपल्या गाडीत तो प्रश्नच येत नाही.

खरेदी करताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या १५० पीएसआयच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. आपल्याला ३५ पीएसआयच्या पुढे जायचेच नाही. मोकळ्या हवेत मिनिटाला इतके लिटर, हा दुसरा आकडाही फसवा असतो, कारण समोर दाब नसताना कोणताही पंप भरपूर हवा फेकतो. विचारायचे ते हे की ३० पीएसआयच्या दाबाविरुद्ध हा पंप मिनिटाला किती लिटर देतो. चांगल्या प्रतीचा एक सिलिंडरचा कंप्रेसर तिथे ६० लिटरच्या आसपास देतो आणि त्याच घराण्यातला दोन सिलिंडरचा त्याच्या सुमारे दुप्पट. हा आकडा जो विक्रेता सांगू शकत नाही, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकलची. १०० पीएसआयला ३३ टक्के असे लिहिले असेल तर तो पंप त्या दाबावर दहा मिनिटे चालल्यावर वीस मिनिटे थांबायला हवा. टायरच्या कमी दाबावर तो याहून अधिक वेळ तग धरतो. मात्र टाकी जोडली की प्रत्येक वेळी त्याला १४५ पर्यंत चढावे लागते आणि तो विनाकारण तापतो. गॅरेजवाल्यांचा टाकीचा आग्रह मला पटत नाही, त्याचे हे मुख्य कारण. आपल्या वापरासाठी दोन सिलिंडरचा कंप्रेसर, टाकीविना, असे माझे मत आहे.

वायरिंगच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. एक सिलिंडरचा कंप्रेसर साधारण २० ते ३० अँपिअर आणि दोन सिलिंडरचा ५० ते ६० अँपिअर प्रवाह खेचतो. सिगारेट सॉकेटचा फ्यूज बहुधा १५ अँपिअरच्या आसपासचा असतो, त्यामुळे तिथून वीज घेण्याचा विचारच सोडावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा, कारण पुढे कुठेही वायर घासून गाडीच्या पत्र्याला टेकली तर वाचवणारा तोच आहे. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फक्त रिलेचा (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) प्रवाह जावा. जाडीचा हिशेब असा : जाऊन येऊन सहा मीटर लांबीची ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० अँपिअरला पाऊण व्होल्ट खाते, तर १० चौरस मिलिमीटरची पाव व्होल्टपेक्षा थोडे अधिक. दोन सिलिंडरसाठी १६ चौरस मिलिमीटर घ्यावी आणि लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) हातपक्कडीने न दाबता हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यावेत. हवा भरताना इंजिन चालूच ठेवावे. कंपनीचा मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठेही कापू देऊ नका, नाहीतर वॉरंटीच्या वेळी आधी त्यावरच बोट ठेवले जाईल.

जागेविषयी : बॉनेटखाली उष्णता आहे, पण बॅटरी जवळ असल्याने वायर आखूड राहते. सीटखाली हवा थंड व कोरडी मिळते, मात्र आवाज आणि धक्के दोन्ही आत येतात. महिंद्राने थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे. बॉनेटखाली बसवल्यास हवा ओढण्याचे तोंड त्या पातळीच्या बरेच वर, जमल्यास फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेला न्यावे. धूळ आणि चिखल सिलिंडरमध्ये गेला की पिस्टनचे सील गेलेच म्हणून समजा.

जुनी_जीप (नाशिक)

तेलकट_हात यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु टाकी सरसकट निरुपयोगी ठरवणे मला मान्य नाही. कमी हवेवर चालवताना दगडाला आडवा धक्का बसून टायरची कड रिमवरून उतरली, तर ती पुन्हा बसवण्यासाठी हवेचा सावकाश येणारा प्रवाह कामाचा नसतो. जितकी आत जाते तितकी फटीतून बाहेर पडते. अशा वेळी व्हॉल्व्हमधली पिन काढून, कडेला साबणाचे पाणी लावून, टाकीतली हवा एकदम सोडली की कड फटकन जागेवर बसते. शिवाय पंक्चर काढताना चाकाचे नट सैल करण्याची एअर गन काही सेकंद चालवायलाही टाकी लागते. ज्यांना एवढे करायचे आहे, त्यांनी टाकी जरूर घ्यावी.

मात्र ती कुठली घ्यावी याबाबत सावध राहावे. ट्रकच्या एअर ब्रेकची भंगारातली टाकी स्वस्तात मिळते, पण त्या टाक्यांत वर्षानुवर्षे पाणी साठून पत्रा आतून पातळ झालेला असतो आणि बाहेरचा रंग मारलेला असल्यामुळे काही कळत नाही. पाण्याच्या पीव्हीसी पाइपची टाकी बनवण्याची कल्पना इंटरनेटवर फिरते, ती तर प्राणघातक आहे. पीव्हीसी फाटत नाही, त्याचे टोकदार तुकडे उडतात. टाकी दाबासाठीच बनवलेली असावी, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह असावा आणि सर्वात खालच्या बिंदूला ड्रेन कॉक असावा. पावसाळ्यात घाटात वापरून झाल्यावर तो कॉक उघडून पाहावा, गढूळ पाण्याची चूळ बाहेर येते. कंप्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये एनआरव्ही (हवा उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असावा आणि प्रेशर स्विच त्याच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला. ११० ला सुरू आणि १४५ ला बंद होणारा स्विच सहज मिळतो.

कार्बन डायऑक्साइडचे आपल्याकडच्या हवामानात जमणार नाही. त्या वायूचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आहे. २१ अंशाला सिलिंडरमध्ये साधारण ८५० पीएसआय दाब असतो, आणि ३१ अंशांच्या वर द्रव व वायू असा भेद उरत नसल्यामुळे भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने वाढत जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होईल ते वेगळे सांगायला नको. त्यात हे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यांची मान्यता नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे असते, म्हणजे परदेशातून मागवलेला सिलिंडर इथे भरून मिळवणेही सोपे नाही.

ज्यांच्याकडे माझ्यासारखी वातानुकूलन नसलेली जुनी जीप आहे, त्यांना इंजिनाच्या पट्ट्यावर वातानुकूलन यंत्राचा जुना कंप्रेसर बसवता येतो आणि त्याच्यापुढे १२ व्होल्टचा कोणताही पंप टिकत नाही. पण त्या कंप्रेसरचे वंगण शीतक वायूबरोबर फिरून परत येत असते. आपण मोकळी हवा ओढायला लागलो की तेल परत येत नाही, त्यामुळे आत जाणाऱ्या हवेत थेंब-थेंब तेल सोडणारा ऑइलर आणि बाहेर येणाऱ्या हवेतून तेल वेगळे करणारा सेपरेटर बसवावाच लागतो. थारमध्ये हा पर्याय नाही, गाडीतला एसी कोणी काढणार नाही.

उंचवटा (ठाणे)

लडाखचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तिथे कंप्रेसरचे आकडे बदलतात. हानले येथील वेधशाळा ४५०० मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्केच असतो. पंप प्रत्येक फेऱ्याला तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो, पण ती विरळ असते. त्यामुळे पुण्यात जो टायर दोन मिनिटांत भरतो, त्याला तिथे किमान साडेतीन मिनिटे लागतील असे धरून चालावे, आणि तितकाच अधिक वेळ पंप तापत राहील. विरळ हवा त्याला थंडही कमी करते. एका टायरनंतर थोडे थांबण्याची सवय तिथे कामाला येते. माझे मत म्हणूनच दोन सिलिंडरच्या बाजूने आहे.

आणखी एक बाब गेजची. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. पुण्यात ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरून निघालात, तर हानलेला केवळ बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज ३७ च्या पुढे सरकेल. पण पहाटे तापमान शून्यावर असेल, तर आतली हवा आक्रसून तोच गेज पुन्हा ३३ च्या आसपास दिसेल. दुपारच्या उन्हात वाढलेला आकडा पाहून हवा काढून टाकणारे अनेक जण भेटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पंप शोधत फिरतात. टायर थंड असताना, निघण्यापूर्वी मोजावे आणि त्याच आकड्यावर निर्णय घ्यावा.

रानवाट (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन सिलिंडरचा कंप्रेसर बॉनेटखाली बसवायचा आणि तूर्त टाकी घ्यायची नाही, असे ठरवले आहे. मात्र पुढे टाकी जोडता यावी म्हणून एक टी फिटिंग (तीन तोंडांचा जोड) आत्ताच ठेवणार आहे. एक शंका उरली आहे. कंप्रेसर अमेरिकी बनावटीचा मिळत आहे आणि बाकीची फिटिंग्ज मी आपल्याच भागातल्या न्यूमॅटिकच्या दुकानातून घेणार आहे. दोन्ही पाव इंची आहेत, तर काही अडचण येईल का? आणि पाइप कोणता वापरावा?

तेलकट_हात (भोसरी)

अडचण नक्की येईल. आपल्याकडच्या दुकानात पाव इंची म्हणजे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे, आणि अमेरिकी मालावर एनपीटी (अमेरिकी मापाचे). बीएसपीला इंचाला १९ आटे असतात, एनपीटीला १८, आणि आट्यांचा कोनही वेगळा. दोन-तीन फेरे अगदी बरोबर बसल्यासारखे वाटतात, मग जड लागते, आणि पाना लावून ओढले तर पितळेचे आटे कापले जातात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी अशा जोडातून हवा झिरपत राहते. कंप्रेसरसोबत येणारी फिटिंग्ज मूळ जागीच ठेवावीत आणि त्यानंतर एकच एनपीटी-बीएसपी ॲडॉप्टर लावून पुढचे सगळे काम बीएसपीत करावे. तो ॲडॉप्टर दुकानात तयार नसेल तर कोणताही खरादवाला पितळेच्या षट्कोनी सळईतून कातून देईल. फक्त नमुना म्हणून दोन्ही बाजूंची फिटिंग्ज सोबत न्यावीत.

पाइपाविषयी सांगायचे तर, कंप्रेसरच्या डोक्यातून निघणारी हवा शंभर अंशांच्या पुढे तापलेली असू शकते. तिथे निळा पीयू (पॉलियुरेथेनचा) पाइप लावला तर तो मऊ होऊन पुश फिटिंगमधून निसटतो. पहिला अर्धा-पाऊण मीटर स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज घ्यावा, पुढे नायलॉन चालेल. आपण टाकी घेत नसल्यामुळे ही लाइन अगदीच लहान आहे. त्यामुळे कपलर (होज जोडायचे तोंड) बंद असताना कंप्रेसर चालू राहिला तर दाब क्षणात चढेल. म्हणून प्रेशर स्विच आणि १७५ पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही याच लाइनवर बसवून घ्यावेत. क्विक कपलर ग्रिलच्या मागे ठेवलात तर मागच्या चाकापर्यंत पोहोचायला सहा-सात मीटरचा होज लागेल. सगळे जोडून झाल्यावर लाइन भरून ठेवावी, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी ब्रशने लावावे आणि बुडबुडे पाहावेत. रात्रभर ठेवून सकाळी गेजचा काटा उतरलेला नसेल, तरच बॉनेटखालच्या वायरी आणि पाइप क्लिपने पक्के करावेत.