शब्दचर्चा : ‘दप्तर’ की ‘अभिलेखागार’? आणि जुन्या कागदांतल्या ‘अपंग’चं काय करायचं?

प्रश्न :
नागपुरातल्या एका अंध-अपंग संस्थेचे जुने कागद आम्ही काही जण लावतो आहोत. सभांची इतिवृत्तं, वसतिगृहाची हजेरी, थोडे ब्रेल कागद. या संग्रहाला ‘अभिलेखागार’ म्हणावं की ‘दप्तर’? आणि कागदांवर जागोजागी ‘अपंग’ आहे, तिथे सूचीत ‘दिव्यांग’ लिहावं का?

प्रतिसाद :
‘अपंग’ बदलू नका, ही कळकळीची विनंती. 1995 च्या कायद्याचं मराठी नावच ‘अपंग व्यक्ती’ने सुरू होतं, ‘दिव्यांग’ रुळला तो 2015-16 नंतर. आणि हा नुसता पाटी बदलण्याचा मामला नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आला. आपल्या विदर्भात सिकलसेलची घरं किती, हे सांगायला नको. जुन्या हजेरीवर ‘दिव्यांग’ लिहिलंत, तर वाचणारा समजेल की ही मुलंही तेव्हा मोजली जात होती. ती मोजलीच जात नव्हती, आणि तोच तर इतिहास आहे. ‘आंधळे-पांगळे’ लिहिलेलं असेल तर तेही बोचलं तरी तसंच ठेवा. शोधणाऱ्यासाठी शेजारच्या रकान्यात आजचा शब्द द्या.

‘अभिलेखागार’ पाटीवर शोभतो, तोंडात बसत नाही. सरकारी शब्द ‘पुराभिलेख’. ‘दप्तर’ मूळचा फारसी, पण पेशवे दप्तरापासून पोरांच्या पाठीवरच्या दप्तरापर्यंत आपलाच झालेला. फक्त ‘दप्तरी दाखल’ म्हटलं की प्रकरण मिटलं असा वास येतो, तेवढा खटकतो.

प्रतिसाद :
मला ‘दप्तर’च आवडतो, पण त्याच्याबरोबर ‘दप्तर बांधणं’ येतं, तिथे जपा. मोडी कागद रुमालात बांधून ठेवायची आपली जुनी रीत. ब्रेलचा कागद तसा आवळून बांधला, किंवा गठ्ठ्यांखाली आडवा दाबला, की टिंबं बसतात. बोटाला काही लागत नाही, म्हणजे मजकूर गेलाच. ते कागद उभे ठेवा, सैल.

प्रश्नकर्ता :
आमच्याकडचे ब्रेल कागद सगळ्यात खालीच होते. संस्थेतले जुने कारकून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “हळू सोडा बाप्पा, कागद तुटते.” आम्ही फक्त शाईच्या कागदांचीच काळजी घेतली. उद्या जाऊन आधी ती गाठ सोडतो. नाव ‘दप्तर’ ठरलं.