लग्न नव्हतं म्हणून बापाने मुलीला भेटायचंच नाही का?

घणसोलीकर:
माझा मावसभाऊ आणि त्याची जोडीदार सहा वर्षं घणसोलीत एकत्र राहिले. लग्न केलं नाही. मुलगी साडेचार वर्षांची. मार्चमध्ये बिनसलं आणि ती मुलीला घेऊन कळव्याला माहेरी गेली (लग्नच नाही तर माहेर तरी कसं म्हणायचं, असो). दर रविवारी हा ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर पोरीची गुलाबी वॉटर बॉटल घेऊन बसतो. कधी ती आणते, कधी 'ताप आहे' असा मेसेज. जन्मदाखल्यावर बाप म्हणून याचंच नाव आहे. वकिलाने हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं, १९५६ च्या, कलम ६ दाखवलं: विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर बाप. तिच्यानंतर म्हणजे कधी? रात्री उठून पोरीचं अंग पुसताना कोणी विचारलं होतं का, लग्न झालंय का म्हणून?

कोपरीची सून:
कलम उगाच नाही आलं. आमच्या चाळीत एकीला पोटुशी असताना टाकून गेला तो. मुलगा सात वर्षांचा झाल्यावर त्याच्या आईबापांना 'वंशाचा दिवा' आठवला. अशा वेळी तिने काय करायचं? २०१५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अविवाहित आईला पालकत्व मागताना बापाचं नाव उघड करायची सक्ती नाही. मला ते शंभर टक्के पटतं.

घणसोलीकर:
ताई, पळून गेलेल्याचं पाप थांबलेल्याच्या माथी कशाला? तो तर दाखल्यावर सही करून बसलाय.

काळा कोट:
भांडण बाजूला ठेवा. बापाला दार बंद नाही, फक्त ते त्याला ठोठवावं लागतं. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. मुलगी जिथे राहते तिथलं कोर्ट, म्हणजे ठाण्याचं कौटुंबिक न्यायालय. निकालाला वेळ लागेल, तोवर भेटीसाठी अंतरिम अर्ज टाका. ताबाच हवा असेल तर अवघड: पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच ठेवतात, लग्नाच्या जोडप्यांतही. शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं, आईबापाचा मान नाही. एक विचारतो, खर्चाला पैसे देतो का?

घणसोलीकर:
एप्रिलपासून बंद केलेत. भेटू देत नाही तर पैसे कसले, असं म्हणतो.

कोपरीची सून:
हे आधी लिहायचं होतं ना! तिच्या बाजूने बघा: पैसे बंद, वर दर रविवारी पोरगी हजर करायची. मीही नसती आणली.

काळा कोट:
ताईंचं बरोबर. पोटगी मुलीची आहे, तिच्या आईवर उपकार नव्हेत. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४, त्यात विवाहबाह्य मुलंही येतात. भेट मिळो न मिळो, पैसे द्यायचेच. आणि रोख नको, बँकेतून द्या. उद्या जज हेच आधी विचारतील.

कोपरीची सून:
पण तिनेही खोटा ताप काढू नये, हे मी म्हणेन. चार वर्षांच्या पोरीला बाप कळतो.

घणसोलीकर:
बोललो त्याच्याशी. आधी चिडला, मग तीन महिन्यांचे एकदम पाठवले म्हणाला. सोबत 'रविवारी येशील?' असा मेसेज टाकलाय. अजून निळी टिक नाही.