सॅपो-३४ इतक्या लवकर निकामी का होतोय?

प्रश्न:
मिथेनॉलपासून इथिलीन-प्रोपिलीन बनवणाऱ्या सॅपो-३४ या सूक्ष्म छिद्रांच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) मी पीएचडी करतेय. टेम्प्लेट (ज्याभोवती स्फटिक घडतो तो रेणू) मॉर्फोलिन, ऑटोक्लेव्ह (दाबाचं बंद भांडं) २०० अंशांना, मग टेम्प्लेट जाळून काढायला हवेत ५५० अंशांना कॅल्सिनेशन. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) स्वच्छ, ९.५ अंशांचं शिखर ठसठशीत. पण ४५० अंशांना रन लावला की सुरुवातीलाच प्रोपेन भरपूर येतो आणि थोड्याच वेळात मिथेनॉलपासून आधी बनणारा डायमिथाइल ईथर पुढे न बदलता तसाच बाहेर पडतो. पावडर काळीकुट्ट. गाइड म्हणतात, झेडएसएम-५ हा दुसरा कॅटॅलिस्ट घ्या. मला सॅपो सोडवत नाही.

उत्तर १:
सोडू नका. एक्सआरडीवरून रचना कळली, आता एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करून स्फटिक किती मोठे आहेत ते बघा. मॉर्फोलिनने बहुधा काही मायक्रॉनचे घनाकृती स्फटिक येतात. सॅपो-३४च्या स्फटिकातल्या पिंजऱ्याची (पोकळीची) खिडकी जेमतेम ३.८ अँगस्ट्रॉम. इथिलीन-प्रोपिलीन निसटतात, आत बनणारी मिथाइलबेंझिनं आतच अडकतात. ती हवीतच, कारण मिथेनॉल त्यांच्यावर चढतं आणि ऑलिफिन (म्हणजे इथिलीन, प्रोपिलीन) सुटतं. पण वाढत वाढत नॅफ्थलिन, फेनॅन्थ्रीन झाली की पिंजरा बंद. पावडर काळी करणारा कोक तो हाच. दिंडी दरवाजा अडला की वाड्यातल्या रिकाम्या खोल्यांचा काय उपयोग! टेट्राइथाइल अमोनियम हायड्रॉक्साइडने मायक्रॉनपेक्षा लहान स्फटिक मिळतात. महाग आहे, म्हणून मॉर्फोलिनमध्ये थोडं मिसळून बघा. प्रोपेन कमी व्हायला जेलमधलं (कच्च्या मिश्रणातलं) सिलिकॉन कमी करा. सिलिकॉनमुळे येणारी आम्लकेंद्रं दाट झाली की हायड्रोजनची देवघेव वाढते आणि प्रोपिलीनचा प्रोपेन होतो.

उत्तर २:
कॅल्सिन केलेली पावडर साठवून ठेवता का? टेम्प्लेट निघालेला सॅपो-३४ दमट हवेत खोलीच्या तापमानालाही हळूहळू बिघडतो. पावसाळ्यात तर नकोच. टेम्प्लेटसकट ठेवा, रनच्या आधी कॅल्सिन करा.

प्रश्नकर्ती:
बाटली कपाटातच असते, डेसिकेटर (ओल शोषणारं बंद भांडं) नाही! सर, मग कारखान्यात कोकचं काय करतात?

उत्तर १:
जाळत राहतात. चीनमध्ये बाओटौला २०१०मध्ये वर्षाला ६ लाख टन ऑलिफिनचा प्लांट सुरू झाला, तिथे फ्लुइडाइज्ड बेडमधला (वायूच्या झोतावर खेळता ठेवलेला) कॅटॅलिस्ट सतत कोक जाळणाऱ्या रिजनरेटरकडे जाऊन परत येतो. तुम्हीही काळी पावडर फेकू नका. हवेत ५५० अंशांना कोक जाळा, पुन्हा रन लावा. आधीसारखीच चालली तर दोष कोकचा, म्हणजे स्फटिक लहान करा. नाही चालली, तर एक्सआरडी पुन्हा काढा. रचनाच ढासळली असेल.